साडूभाऊंचा चार्ल्स्टन

आमच्या साडूभाऊंना प्रत्यक्ष परमेश्वरानं समोर उभं करून "कसं वाटलं जग?" असं विचारलं, तर ते "छान आहे, पण जरा इकडे द्या बरं" असं म्हणून तिथल्या तिथे दुरुस्त करायला घेतील. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये आमच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर राहतात, आणि हे अंतर मला कायम कमीच वाटत आलेलं आहे. कुठलीही गोष्ट आहे तशी राहू देणं या माणसाच्या रक्तातच नाही. शिऱ्यात पीनट बटर घालतील, आमटीत मेपल सिरप ओततील. एकदा शेजारच्या अमेरिकन कुटुंबानं थँक्सगिव्हिंगला प्रेमानं जेवायला बोलावलं, तर यांनी त्यांच्या टर्कीवर हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी घातली. शेजारी सज्जन, त्यांनी खाल्लं बिचाऱ्यांनी. पुढच्या वर्षी ते थँक्सगिव्हिंगला गावाला गेले, ते आजतागायत दर वर्षी जातात. मी एकदा धीर करून म्हटलं, "अहो, मूळ चव काय वाईट होती?" तर मलाच ऐकवलं, "साडूभाऊ, तुम्हाला चव आवडत नाही, सवय आवडते."

याचं मूळ म्हणे यांच्या घराण्यात आहे. साताऱ्याकडे वडिलांचं भजनी मंडळ होतं. भजनात बुवा एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवतात आणि दर खेपेला तिच्यात एखादी नवी जागा घेतात. रीत चांगलीच आहे, माझं काही म्हणणं नाही. पण ती भजनापुरती ठेवावी ना! यांनी ती सगळ्या संसाराला लावली. कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा समोर आली की ती आपल्याला नवीन काहीतरी करायचं आवताण देते आहे, अशी यांची प्रामाणिक समजूत.

रिटायर झाल्यावर तर काय, मोकळं रान. मुलगी बॉथेलला, मुलगा अल्फारेटाला, दोघंही विमानानं जायच्या अंतरावर, आणि बाहेर गुडघाभर बर्फ. त्या हिवाळ्यात यांनी बेसमेंटमध्ये यूट्यूब लावून चार्ल्स्टन शिकायला घेतला. हा शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन नाच. गुडघे आतबाहेर करायचे, टाचा फिरवायच्या, एक लाथ पुढे झाडायची, एक मागे झाडायची, आणि हात असे हलवायचे की जणू अंगावर झुरळ चढलंय. ताई, म्हणजे माझी मेहुणी, माझ्या बायकोला म्हणायच्या, "खाली धडधडलं की वॉशिंग मशीन आहे का हे आहेत, तेच कळत नाही गं." मुलीनं व्हिडिओ कॉलवर एकदाच पाहिलं आणि "बाबा, प्लीज, डोन्ट!" म्हणून फोन ठेवला. पण मुलीचं ऐकतील तर ते साडूभाऊ कसले. गणपतीच्या मिरवणुकीत, शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये, इथल्या मराठी मंडळाचं लेझीम रंगात आलेलं असताना यांनी मागच्या मागे अशी लाथ झाडली की खजिनदारांची नडगी महिनाभर काळीनिळी होती. पुढच्या वर्षी अध्यक्षीणबाईंनी गोड आवाजात सांगितलं, "काका, तुम्ही यंदा पार्किंग बघा ना." नारिंगी जाकीट घालून हा माणूस दिवसभर गाड्यांना हात दाखवत उभा राहिला. नंतर मंडळाचा फोनही येईनासा झाला.

मग लायब्ररीतल्या बोर्डावर त्यांना एक कागद दिसला. डॅनिश वंशाच्या म्हाताऱ्यांचा लोकनृत्याचा ग्रुप, एका चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी जमणारा. त्यांच्यातला एक गृहस्थ वारला होता आणि जोडी पुरी करायला पुरुष हवा होता. पलीकडचं माणूस कोण, कुठलं, काही न विचारता यांनी फोन फिरवला. तेव्हापासून गुरुवार म्हणजे सण. सकाळपासून दाढी काय, अत्तर काय! नाचाचा पोशाख म्हणजे गुडघ्यापर्यंतची तुमान, चांदीच्या बटणांचं जाकीट आणि पांढरे शुभ्र लांब मोजे. त्या मोज्यांत आमच्या साडूभाऊंच्या पोटऱ्या म्हणजे सोललेल्या शेवग्याच्या शेंगा. पण ताई मला एकदा हळूच म्हणाल्या, "हसू नका हो. आठवड्यात तेवढंच एक ठिकाण आहे, जिथे यांची कुणी वाट बघतं."

तो नाच अगदी सोवळ्यातला. जोडीजोडीनं गोलात फिरायचं, छोटी पावलं, ताठ मान, आणि ॲकॉर्डियनवर तीच धून पुन्हा पुन्हा. झालं! तीच धून पुन्हा! साडूभाऊंना वाटलं, जागा घ्यायलाच वाजवताहेत. दुसऱ्या फेरीला यांनी चार्ल्स्टन घुसडला. पुढे लाथ, मागे लाथ. मागची जोडी थबकली, तिच्यावर तिसरी जोडी आदळली, आणि एका नव्वदीच्या आजोबांना खुर्चीवर बसवून पाणी द्यावं लागलं. ग्रुपच्या प्रमुख इंग्रिडबाई पंधरवडाभर समजावत राहिल्या, हे आपले हो-हो करून पुन्हा लाथा झाडत राहिले. "एवढ्या वेळा तेच वाजवतात ते कशाला, साडूभाऊ? गंमत म्हणून?" असं मलाच विचारायचे. शेवटी बाईंनी स्वच्छ सांगितलं, "उन्हाळ्याच्या कार्यक्रमात एक जरी लाथ दिसली, तर पुढच्या गुरुवारी यायचं नाही. जोडी मोडली तरी चालेल."

कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो. मी मुद्दाम पुढची खुर्ची धरली, फोनचा कॅमेरा उघडून तयार. हा माणूस लाथ झाडणार म्हणजे झाडणारच, काळ्या दगडावरची रेघ. ॲकॉर्डियन सुरू झालं. पहिली फेरी सरळ गेली. दुसरी सुरू होताना ताईंनी हिचा हात घट्ट धरला. साडूभाऊ आपले छोटी पावलं टाकत, मान ताठ ठेवून, ओठांतल्या ओठांत मोजत निघाले. तिसरी फेरी तशीच. चौथीही तशीच. इंग्रिडबाईंची नजर त्यांच्या पायांवर आणि त्यांची इंग्रिडबाईंच्या चेहऱ्यावर. वर्गात उभं केलेल्या पोरासारखं तोंड झालं होतं हो त्यांचं! एक पाऊल चुकलं नाही. इतका बिनचूक आणि इतका कंटाळवाणा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, पण मला काही बरं वाटेना. फोन कधी खिशात टाकला, कळलं नाही.

नंतर पार्किंगमध्ये ते गाडीच्या दाराशी उभे होते, घामाघूम. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बरोबर झालं ना सगळं? आता ठेवतील ना हो मला?"

इतक्या वर्षांत या माणसानं मला कधी "बरोबर झालं ना?" असं विचारलेलं नव्हतं. "ठेवतील हो," मी म्हटलं. "न ठेवून जातात कुठे? पण साडूभाऊ, एखादी लाथ झाडायची होतीत."

"वेडे आहात का?" ते म्हणाले. "काढून टाकलं असतं ना." आणि मोजे उतरवायला गाडीच्या सीटवर बसले.