बोअर केरूचा स्टँडर्ड पिस्टन

सायखेड्यात कुणालाही विचारा, केरू कुठं राहतात? समोरचा आधी विचारणार, कोणते केरू? आणि मग स्वतःच दात काढून म्हणणार, "बोअर केरू व्हय? सरळ जा गोदावरीच्या अंगाला." गप्पा मारून लोकांना बोअर करतात म्हणून हे नाव पडलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. पण नाही! हे नाव लबाडीचं होतं, आणि केरूआबांनी ते अर्धं आयुष्य दात-ओठ खात ऐकून घेतलं.

आधी बोअर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. इंजिनाचा सिलिंडर आतून झिजला की मेकॅनिक तो मशीनवर खरवडून थोडा मोठा करतात आणि त्यात मोठा पिस्टन टाकतात. त्याला म्हणायचं बोअर मारणं. रोजच्या गाडीला सगळेच मारतात, त्यात काही पाप नाही. पण शर्यतीत इंजिनाचं माप ठरलेलं असतं. तिथं बोअर मारून उतरला तो चोर.

तर केरू जवान होते तेव्हा नाशकात त्र्यंबक रोडच्या बाजूला एका उघड्या मैदानावर धुळीतल्या मोटारसायकल शर्यती व्हायच्या. खड्डे, मातीचे उंचवटे, चिखल. परदेशी गाड्या कुणाला परवडणार? पोरं आपली येझदी घ्यायची, दिवे-मडगार्ड काढून टाकायची, मागं खडबडीत टायर चढवायची आणि सुटायची. केरूंची येझदीही तसलीच, निफाडच्या एका बागायतदाराकडून जुनी घेतलेली. त्या वर्षी ते पहिले आले. जुन्या नाशकातला हबीब मिस्त्री दुसरा. रेषा ओलांडली आणि केरूंच्या इंजिनानं जागच्या जागी जीव सोडला, पिस्टन आत घट्ट चिकटला. बक्षीस द्यायच्या आधी हबीबनं तक्रार केली, की केरूच्या गाडीला बोअर मारलेला आहे, खोलून बघा.

आता गाडी खोलली असती तर विषय तिथंच संपला असता. पण केरू म्हणजे केरू! "खोलायचीच तर सगळ्यांच्या खोला," ते म्हणाले. "माझी एकट्याची का? मी काय चोर हाय?" पंचांनी समजावलं, मित्रांनी समजावलं. हे काही ऐकेनात. बंद पडलेली गाडी टेम्पोत टाकली आणि सरळ सायखेडा गाठलं. कप हबीबला गेला आणि केरूंना हे नाव आलं. गाडी गोठ्यामागच्या शेडमध्ये बारदानाखाली गेली ती गेलीच.

इतकी वर्षं त्यांनी ते सहन केलं. पण या दिवाळीनंतर एक गोष्ट घडली. त्यांची नात सृष्टी, द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये नोकरीला आहे, पोरगी तिखट. तिला बघायला विंचूरहून पाहुणे आले. पोहे झाले, ओळखी निघाल्या, आणि मुलाचे मामा टाळी देत म्हणाले, "सायखेड्याचे केरू म्हणजे ते शर्यतीतले बोअर केरू? अरे वा, म्हणजे ही बोअर केरूची नात!" सगळे हसले. भागुबाईंनी, म्हणजे केरूंच्या बायकोनं, पदर तोंडाला लावला. केरूंनी हातातली बशी खाली ठेवली.

पाहुणे गेल्यावर सृष्टी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "आबा, खरं सांगा. तुम्ही केली होती लबाडी?"

गावानं विचारलं असतं तर आबांनी चप्पल काढली असती. पण घरचं, स्वतःच्या मांडीवर वाढलेलं पोर विचारतंय म्हटल्यावर चप्पल पायातच राहिली. "नाय केली," ते म्हणाले. आणि आपलाच आवाज त्यांना बारीक वाटला.

"मग गाडी खोला. गाडी खोलेपर्यंत विंचूरला माझं उत्तर जाणार नाही, हे मी त्यांना फोन करून सांगते."

"अगं पण पाहुणे काय म्हणतील?" भागुबाई म्हणाल्या.

"म्हणू दे!" हे आजोबा-नात एकदमच बोलले. भागुबाईंनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी बारदान निघालं. उंदरांनी सीट खाल्लेली, टाकीला आतून गंज. केरूंनी गाडी गोठ्यामागच्या बोअरच्या पाण्यानं धुतली, आणि धुताना त्यांचे डोळेही जरा धुवून निघाले. सृष्टीला नवल वाटलं ते किकचं. किक मारायची आणि तीच दांडी पुढं दुमडली की तिचाच गिअर. "एकाच दांडीवर दोन कामं," आबा म्हणाले, "आमच्या जमान्यात वस्तूसुद्धा आळशी नव्हत्या."

सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ठेवलं. रोज सकाळी लाकडी ठोकळा ठेवून वरून हलकेच ठोकायचं, जोर लावायचा नाही. शेवटी एक दिवस पिस्टन कुरकुरला आणि हलला. पण बाहेर आला तो तुटूनच. त्याच्या डोक्यावर माप कोरलेलं असतं, ते ओल आणि काजळीनं पार खाऊन टाकलेलं. काही म्हणजे काही वाचता येईना. सिलिंडरला आतून चिकटलेला धातू केरूंनी तेलात बुडवलेल्या बारीक पॉलिश पेपरनं दिवसेंदिवस हातानं घासून काढला. मशीनवर का नाही दिला? अहो, निफाडच्या गॅरेजवाल्यानं बघताक्षणीच सांगितलं, "आबा, सरळ बोअर मारून टाकू, मोठा पिस्टन मिळतो बाजारात."

"पुन्यांदा तो शब्द काढू नको!" आबा एवढ्या जोरात ओरडले, की शेजारचा पंक्चरवाला बाहेर आला.

बरोबरच होतं त्यांचं. सिलिंडर एकदा खरवडला की त्या दिवशीचं माप कायमचं गेलं. त्यांना हवा होता स्टँडर्ड पिस्टन, कंपनीतून गाडी निघते तेव्हाच्या मापाचा. तो त्या सिलिंडरमध्ये नीट बसला तर केरू खरे. आत खडखडला तर केरू लबाड. आकड्यांवर लोक वाद घालतात, खडखड सगळ्यांना ऐकू येते.

पण स्टँडर्ड पिस्टन मिळतोय कुठं! जुन्या गाड्या सगळ्या झिजलेल्या, सगळ्यांना मोठे पिस्टन लागतात, म्हणून दुकानात मोठेच ठेवतात. क्लचच्या प्लेटा मनमाडच्या एका बंद गॅरेजात मिळाल्या. कार्बोरेटर सिन्नरला एका माणसानं देवघरात ठेवला होता, का ते त्यालाही सांगता येईना. मालेगावच्या भंगारच्या गल्लीत सृष्टीनं आबांना स्कूटीवर फिरवलं. तिथला दुकानदार हसला. "स्टँडर्ड? चाचा, आजकाल माणूस स्टँडर्ड मिळत नाही, पिस्टन कुठला?" मग जरा विचार करून म्हणाला, "एक आहे. नाशिकला हबीब मिस्त्रीकडे. डबीत जपून ठेवलाय, कुणाला देत नाही."

केरूंचा चेहरा पडला. घरी आले आणि बारदान पुन्हा गाडीवर टाकलं.

"हे काय?" सृष्टी म्हणाली.

"त्याच्या दारात जायचं? त्यापेक्षा गाडी भंगारात घालीन."

"आबा, घाबरलात."

"मी? घाबरलो?" ते उसळले. मग गाडीला धरून खाली बसले. "हां, घाबरलो. ऐक. मी कधी बोअर मारला नाय, तुझ्या आजीची आण. पण गाडी जुनी घेतलेली. बागायतदार म्हणाला, इंजिनाला हात लावला नाय. त्यानं आधीच मारलेला असला तर? त्या दिवशी मी रागानं खोलली नाय. आणि घरी आलो तेव्हा ही शंका आली, मग भीतीनं खोलली नाय. एवढी वर्षं लोकांच्या अंगावर जातो, आणि मलाच ठाऊक नाय मी खरा का खोटा."

सृष्टीला हसावं की रडावं कळेना. तिनं आबांचा हात धरून उठवलं. "मग तर जायलाच पाहिजे."

जुन्या नाशकात हबीब मिस्त्रींचं घर म्हणजे खाली गॅरेज, वर बिऱ्हाड. केरू आत शिरले ते नमस्कार-चमत्कार न करता. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला सिलिंडर त्यांनी बाकावर ठेवला. हबीबचे केस पांढरे झालेले, पण नजर तीच.

"मागायला नाय आलो," केरू म्हणाले. "तुझा स्टँडर्ड पिस्टन काढ आणि तुझ्याच हातानं यात टाक. खडखडला तर मी चोर, गाडी तुझ्या दारात मोडून जाईन. नीट बसला तर तू काय करशील ते तुझं तू ठरव."

हबीब वर गेला. त्याची बायको सकीनाभाभी चहा घेऊन आली, दोघांचे चेहरे बघून कप ठेवून तशीच उभी राहिली. हबीबनं डबी आणली. तेलकट कागदातून पिस्टन निघाला, कोराकरकरीत. आधी त्यानं तो आपल्या स्वतःच्या जुन्या सिलिंडरमध्ये टाकला, बोअर मारलेल्या. खडखड, खडखड. पिस्टन आत हेलपाटला.

"माझ्या इंजिनाला शर्यती सोडल्यावर मारावा लागला," तो म्हणाला. "म्हणून हा पडून राहिला."

मग केरूंच्या सिलिंडरला आतून तेलाचं बोट फिरवलं आणि पिस्टन तोंडाशी धरला. केरूंनी सृष्टीचं मनगट आवळलं. हबीबनं अंगठ्यानं दाबलं. पिस्टन आवाज न करता आत उतरला. हबीबनं सिलिंडर कानाशी नेऊन हलवला. पुन्हा हलवला. काही वाजेना.

"स्टँडर्ड आहे यार," तो पुटपुटला. आणि एकदम चिडला! "मग तू शर्यतीच्या सकाळी टपरीवर खोटं का बोललास? मी तुझ्या मागं उभा होतो, चहा पीत. तू मित्राला सांगत होतास, काल बोअर मारला, आता केरू कुणाला ऐकत नाही. माझ्या कानांनी ऐकलं, कसम से! म्हणून तर तक्रार केली. मी काय उगाच कुणाचं नाव घेतो?"

केरू त्याच्याकडे बघतच राहिले. मग ओरडले ते गल्लीभर ऐकू गेलं.

"अरे भाड्या, शेतात! शेतात मारला होता बोअर! गोठ्यामागं! दोन इंची पाणी लागलं होतं, त्या आनंदात सांगत होतो मी!"

सकीनाभाभींच्या हातातला ट्रे खाली पडला. हबीब मटकन स्टुलावर बसला. "पाण्याचा बोअर," तो म्हणाला. "या खुदा. पाण्याचा!"

सृष्टी हसत सुटली, सकीनाभाभीही. केरू मात्र हसले नाहीत. त्यांना राग आलेला, खरा राग. पाण्यावर द्राक्षं फुलली, घर उभं राहिलं, आणि त्याच पाण्यानं नाव बुडवलं! हबीबनं पिस्टन कागदात गुंडाळून त्यांच्यासमोर धरला, आणि तो कपाटातला शर्यतीचा कपही काढायला उठला.

"कप ठेव तुझा," केरू म्हणाले. "जिथं तक्रार केलीस तिथं जाऊन बोल. तेवढं पुरे."

जानेवारीत जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींनी त्र्यंबक रोडच्या त्याच बाजूला धुळीतला मेळावा भरवला. सृष्टीनं विंचूरच्या पाहुण्यांनाही बोलावलं, मामांना तर आग्रहानं. केरूंची येझदी टेम्पोतून उतरली तशी लोकांनी माना वळवल्या. टाकी नवी रंगवलेली, आणि त्यावर सृष्टीनं पिवळ्या ठसठशीत अक्षरांत लिहून घेतलेलं होतं: बोअर केरू.

हबीब माइकजवळ गेला. "मी हबीब मिस्त्री. या माणसानं बोअर मारला होता, ही तक्रार माझी. ती खरी होती." मामांच्या भुवया वर गेल्या. "मारला होता, पण शेतात. गाडीला नाही. पिस्टन मी माझ्या हातानं टाकून बघितलाय. कप याचा होता, आणि मी इतकी वर्षं चुकीनं पहिला राहिलो. केरू, माफ कर यार."

हसू उसळलं, टाळ्या पडल्या. केरूंनी किक मारली. गाडी खोकली आणि बंद पडली. पुन्हा मारली. गुडघ्यात कळ गेली. कुणीतरी पुढं आलं, "आबा, द्या, मी मारतो." "हात लावशील तर बघ!" केरू गुरगुरले. तिसऱ्या-चौथ्या किकला दोन्ही सायलेन्सरांतून निळा धूर सुटला आणि ती धडधड सुरू झाली. केरूंचे डोळे भरून आले, त्यांनी ते पुसलेही नाहीत.

विंचूरचे मामा घाईनं पुढं आले. ओशाळले होते बिचारे. "आबा, चुकलं आमचं. आता सगळं स्पष्ट झालं. ते टाकीवरचं नाव तेवढं पुसून टाका, आणि पोरीचं उत्तर..."

"उत्तर नंतर," सृष्टी म्हणाली. "आधी तुमच्या मुलाला विचारा, बोअर केरूची नात चालेल का? कारण आमचं नाव हेच राहणार आहे."

मामांनी केरूंकडे पाहिलं. केरूंनी किकची दांडी पुढं दुमडून तिचा गिअर केला.

"माझ्या बोअरचं पाणी पिऊन वाढलीय ती," ते म्हणाले, "सरका बाजूला." आणि गाडी धुळीत घातली.