खाऱ्या पाण्यावरची वांगी

गच्चीवरच्या वांग्यांसाठी मी कुजवलेल्या मासळीच्या खताचा डबा उघडला आणि खालच्या मजल्यावरून लगेच तक्रार आली. मी झाकण लावलं नाही. त्या वासात मला आमचं खाडीकाठचं शेत दिसत होतं.

मी आठ वर्षांची असताना पावसाळ्यातल्या उधाणानं बांध फुटला आणि खाडी शेतात शिरली. पाऊस सरल्यावर ढेकळांवर मिठाची पांढरी साय धरली. पाहणीला आलेले साहेब आईला म्हणाले, "तीन वर्षं इथं काही रुजणार नाही. मजुरीला जा."

आईनं कोळीवाड्यातून मासळीची घाण आणली, शेणात आणि पाल्यात कुजवली, त्याचा वाफा केला आणि वांग्याचं बी टाकलं. रोपं चार पानांवर आली, तशी ती गोड्या पाण्याच्या कळशीत ओंजळभर खाडीचं पाणी मिसळून त्यांना घालू लागली.

"वयनी, येड लागलंय काय? मरतील ती," काका ओरडले.

"मरतील ती मरूदे. ऱ्हातील ती खाऱ्याला भिनार न्हाईत."

निम्मी रोपं मेली. मी रडत बसले आणि आई जगलेल्यांशेजारी खुणेच्या काड्या रोवत राहिली. तेव्हा मला ती निर्दयी वाटली. आज माझ्या गच्चीवर त्याच काड्यांजवळच्या रोपांचं बी आहे.

शिमग्याच्या सुमारास साहेब पुन्हा आले. जगलेली रोपं आईनं त्याच खारावलेल्या शेतात लावली होती; त्यांची तीन वांगी खुडून तिनं त्यांच्या हातात ठेवली.

"घ्या साहेब," ती म्हणाली, "तुमची तीन वर्सं."