खोटी थप्पड

मी आमच्या नाटक मंडळीचे पडदे रंगवायची आणि नवरा त्याच मंडळीत खलनायक होता. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धान निघालं की गावोगाव नाटकं लागतात, आणि ज्यात बाईला मार नाही त्याला लोक नाटकच म्हणत नाहीत. त्यामुळे नवऱ्याला कधी काम कमी पडलं नाही.

चित्र काढायला मला कुणी शिकवलं नाही. माणूस पडताना खांदा आधी जातो की डोकं, ते मी मोबाईलवर सिनेमातली मारामारी थांबवून थांबवून बघायची. माहेर धानोऱ्याकडचं. तिथल्या रेला नाचात एकमेकींत हात गुंफलेल्या बाया बघून कळलं, की एकीनं पाऊल टाकलं की अख्ख्या रांगेची कंबर वळते. थप्पड मात्र नाटकात शिकले. नट हात उगारतो, नटी मान झटकते आणि त्याच क्षणी पदराआड टाळी मारते. आवाज असा येतो की समोरच्या बाया शिव्या घालतात. नवऱ्याचा हात एकाही नटीला कधी लागला नाही. सगळ्या त्याला देवमाणूस म्हणायच्या, आणि मला त्या शब्दाची चीड यायची.

घरी टाळीबिळी नव्हती. भाजीत मीठ जास्त, फोन कुणाचा, ब्रश धुवायला उशीर, काहीही पुरे. कानशिलावर, पाठीत, एकदा तर पडद्याच्या बांबूनं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी गप्प राहायची, कारण पडदे मंडळीचे आणि मंडळीत मी त्याची बायको म्हणून. त्याच्यासोबत रंगही सुटतील, ही भीती मला माराहून मोठी होती.

कुरखेड्याजवळच्या एका गावात दुपारी तालीम होती. नटीला ताप भरला. नाटक बसवणारे म्हातारे मास्तर मला म्हणाले, "बाई, तुले सगळं पाठ हाय. जराशी उभी राय." मी हाताचा रंग पुसला. संवाद चोख म्हटले. मग नवऱ्यानं हात उगारला, नाटकातल्यासारखाच, चांगला लांबून.

मान झटकायची, टाळी मारायची, सगळं मला ठाऊक होतं. पण माझं कोपर कानावर गेलं, गुडघे दुमडले, आणि पोट झाकून मी भिंतीशी गोळा झाले. तोंडातून निघालं, "नाई जी, करून राह्यली भाजी." हे वाक्य नाटकात नव्हतं.

पेटी थांबली. नवरा हसला. "हिले नाटक येत नाई, मास्तर."

"येत नाई म्हणूनच दिसलं मले," मास्तर म्हणाले. "तू निघ इथून. पडदे बाईच रंगवते."

त्यावर त्यानं सगळ्यांदेखत माझ्या तोंडात मारली. खऱ्या थपडेचा आवाज टाळीपेक्षा बारीक असतो. ओठ फुटला, रक्त पडद्यावर उडालं. पेटीवाला आणि तापानं फणफणलेली नटी, दोघांनी मिळून त्याला ढकलत बाहेर काढलं. मी परत त्या घरी गेले नाही.

आता माझी चित्रं चंद्रपूर-नागपूरला लागतात. कोपर कानावर घेतलेली बाई मी अजून रंगवते, राग निवला नाही म्हणून. एका प्रदर्शनात एक जोडपं त्या चित्रापुढे थांबलं. "काय लय आहे! ही कुठल्या नाचातली?" असं विचारत माणसानं दाखवायला हात उचलला, आणि शेजारच्या बायकोचं कोपर झटकन कानाशी गेलं.

मी त्याच्याकडे पाठ केली. तिला म्हटलं, "बाई, चहा घेता का जी माझ्यासंग?"