थुंकीचे मानकरी

बायका नवऱ्याचं कौतुक सांगतात. कुणाचा आवाज चांगला, कुणाचं अक्षर मोत्यासारखं, कुणाच्या हातात सुतारकाम. आमच्या ह्यांचं काय चांगलं, तर थुंकी. हसू नका. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलेच होते.

हे एका संशोधन केंद्राच्या फाटकावर चौकीदार. काचेची मोठी इमारत, आत पांढऱ्या कोटातली माणसं आणि बाहेर फाटकाशी खुर्ची टाकून आमचे हे. गाडी आली की फाटक उघडायचं, गेली की लावायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करायचा. निम्मे लोक नमस्कार घ्यायलाही थांबत नसत. पुढे फाटक काढून तिथे विजेवर चालणारा दांडा बसवला. गाडी आली की आपोआप वर, गेली की खाली. नोकरी राहिली, काम गेलं. त्या दिवशी घरी येऊन हे म्हणाले, "आता मी खुर्चीवर नसलो तरी कुणाला कळायचं नाही." मी म्हटलं, "पगार मिळतोय ना? मग बसा की गप." माझं तोंड हे असं! पण ते ह्यांना लागलं होतं. मुळात माणूस बुजरा, भावंडांत मधला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. आमच्याच लग्नात फोटोवाल्याने ह्यांना "तुम्ही जरा बाजूला व्हा हो" म्हटलेलं, आणि हे झालेही होते बाजूला!

त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक मॅडम दातांवरच्या जंतूंचा अभ्यास करतात. त्यांना थुंकी हवी होती, तीही निरोगी माणसाची. दात किडलेले नकोत, हिरडीतून रक्त नको, तंबाखू नको, विडी नको. शोधत शोधत त्या फाटकाशी आल्या आणि म्हणाल्या, "काका, जरा आ करा." ह्यांनी आ केला. बत्तीसच्या बत्तीस दात जागच्या जागी, एकातही चांदी भरलेली नाही. झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात थुंकी शिरली.

थुंकी द्यायच्या दिवशी ह्यांनी दात घासायचे नाहीत, चूळ भरायची नाही, चहासुद्धा नाही. तसंच पारोसं तोंड घेऊन निघायचं. मी म्हणायची, "निदान माझ्याकडे तोंड करून बोलू तरी नका." हे हाताने तोंड झाकून हसायचे. तिथे मॅडम एक बेचव मेणाचा तुकडा चघळायला द्यायच्या, म्हणजे तोंडाला पाणी सुटतं. मग बर्फात ठेवलेल्या नळीत थुंकायचं, फेस न करता, हळूहळू. त्यातही कसब असतं म्हणे. "सगळ्यांना जमत नाही," हे मला सांगायचे. मी कपाळाला हात लावायची.

एकदा आग्रह करून मला बघायला घेऊन गेले. मॅडमनी सगळं दाखवलं. दाताच्याच पदार्थाच्या बनवलेल्या इवल्याशा पांढऱ्या चकत्या होत्या. त्या ह्यांच्या थुंकीत बुडवायच्या, मग हवाबंद पेटीत अंगाइतक्या उबेला ठेवायच्या आणि त्यांना रोज वेळच्या वेळी ताजं खाणं घालायचं. काही दिवसांत चकतीवर बुळबुळीत थर धरतो. सकाळी उठल्यावर जीभ फिरवली की दातांवर लागतो ना, तोच. मॅडमनी थराला रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. जिवंत जंतू हिरवे, मेलेले लाल. मला वाटलं होतं शेवाळ्यासारखं सपाट काहीतरी असेल. पण तिथे हिरवे ढीगच्या ढीग, आणि त्यांच्यामधून काळ्या वाटा गेलेल्या.

"हे एकटेदुकटे नसतात मावशी," मॅडम म्हणाल्या. "चिकटून वस्ती करतात, स्वतःभोवती चिकट भिंत बांधतात. त्या मधल्या वाटांनी पाणी आत जातं, खाणं जातं. पण औषध टाकलं तर वरचे वरचे मरतात, आतले सुखरूप."

"म्हणजे आमच्या ह्यांची भावकीच," मी म्हटलं. मॅडम खूप हसल्या. हे मात्र हसले नाहीत. डोळा लावून बघतच राहिले. मग मॅडम निरोप देताना म्हणाल्या, "काकांच्याच जिवावर चाललंय आमचं सगळं."

बोलायची एक रीत असते. आपणही पाहुण्याला म्हणतो, "तुम्ही आलात म्हणून शोभा आली." पण ह्यांनी ते वाक्य मनात जपून ठेवलं. त्यानंतर माणूस बदलला. चालताना ताठ चालायला लागला. गोड खाणं कमी केलं. आमच्या लेकीच्या सासूसासऱ्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं, "माझे जंतू दुसऱ्या मजल्यावर असतात." लेक लाजेने अर्धी झाली. जावई हसू दाबायला बाहेर जाऊन उभा राहिला. मी रागावले खरी, पण आतून बरंही वाटलं. एवढ्या वर्षांत ह्यांना चार माणसांत आपणहून बोलताना मी पहिल्यांदाच बघत होते.

नियम एकच कडक होता. अँटिबायोटिक घेतलं की त्या माणसाची थुंकी चालत नाही. औषधाने तोंडातली सगळी वस्ती उलटीपालटी होते, पुन्हा बसायला काही महिने जातात. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "काका, तब्येत पहिली. औषध घ्यावं लागलं तर घ्या, फक्त मला सांगा. मग तेवढे महिने तुम्हाला सुट्टी." यात वाईट काय आहे, तुम्हीच सांगा. पण ह्यांनी ऐकलं ते एवढंच, की औषध घेतलं तर सुट्टी.

यंदा मॅडमचं शेवटच्या फेरीचं काम चालू होतं. त्यांनी दात धुवायचं एक नवीन औषध बनवलंय, ते थराच्या आतपर्यंत पोचतं का, हे शेवटचं तपासायचं होतं. नेमक्या त्याच दिवसांत त्या विजेच्या दांड्याच्या लोखंडी पेटीची कड ह्यांच्या नडगीला लागली. बोटभर खरचटलं. ह्यांनी पाणी लावलं, वर रुमाल गुंडाळला. "काही नाही गं, खरचटलंय नुसतं." आठवडाभरात पाय सुजला, तांबडालाल झाला, हात लावला तर चटका बसावा इतका गरम. मी ओढतच डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "एकही चुकवू नका."

मी काय कच्च्या गुरूची चेली? रोज समोर उभी राहून गोळी द्यायची. हे तोंडात टाकायचे, पाणी प्यायचे, मान मागे करायचे. "गिळली?" "गिळली." तरी सूज हटेना. मी डॉक्टरला शिव्या घातल्या, औषधवाल्याला शिव्या घातल्या, गोळ्याच खोट्या असतील म्हटलं. आणि एक दिवस ह्यांची पँट धुवायला घेतली तर खिशात पांढरा चिखल. आधी वाटलं खडू असेल. मग त्या लगद्यात एक गोळी अख्खी सापडली.

माणूस गोळी गालात धरत होता! माझी पाठ वळली की थुंकून खिशात टाकत होता! थुंकण्यात पटाईत झालेला ना!

संध्याकाळी हे लंगडत घरी आले. अंगात ताप, ओठ सुकलेले, पण चेहरा असा खुललेला की मी क्षणभर भांडायचंच विसरले. म्हणाले, "आज शेवटची दिली. फेरी पुरी झाली. आण आता तुझ्या गोळ्या, दोन दे हव्या तर."

मग मात्र मी सुटले. "थुंकीपायी जिवावर उठलात? कोण लागून गेलात हो तुम्ही? मेलात तर ती नळी येणार आहे का माझ्याजवळ बसायला?" नको नको ते बोलले. हे ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मधेच सोडलं असतं तर मॅडमचं एवढ्या वर्षांचं काम पाण्यात गेलं असतं. माझ्यावर कधी कुणाचं काही अडलंय का गं आजवर? एकदाच अडलं होतं." मी गोळी दिली, त्यांनी खरोखर गिळली, आ करून दाखवलं. पण तोवर तांबडेपणा गुडघ्यापर्यंत चढला होता.

दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरली आणि बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे शिरेतून औषध सुरू झालं, जखम उघडून साफ केली, पुन्हा केली. कातडी काळी पडत चालली. शल्यविशारद तरुण होता, बोलायला सरळ. मला म्हणाला, "आई, आतलं मांस मेलंय. त्याच्यावर जंतूंचा थर बसलाय. औषध वरवरच पोचतं, आत जात नाही. सुरुवातीला गोळ्या पोटात गेल्या असत्या तर ही वेळ आली नसती."

थर म्हणजे काय, ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. वर्षानुवर्षं ज्याचं कौतुक ऐकलं, जे हिरवंगार मी स्वतः डोळ्यांनी बघितलं, तेच ह्यांच्या पायात वस्तीला आलं होतं.

पाय गुडघ्याखाली काढला. सही मी केली. लेक सारखी विचारत होती, "आई, दुसरा काही उपाय नाही का गं?" नव्हता.

मॅडमना फाटकावरच्या दुसऱ्या चौकीदाराकडून कळलं. त्या धावतपळत आल्या. हे झोपेच्या औषधाखाली होते. मी मॅडमना खोलीबाहेरच अडवलं. मी किती शिव्या साठवून ठेवल्या होत्या, ते माझं मलाच माहीत. "तुमच्या त्या चकत्यांपायी माझ्या माणसाचा पाय गेला," मी म्हटलं. "गोळ्या घेतल्या नाहीत त्यांनी. तुमचं काम बिघडेल म्हणून."

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. मग म्हणाल्या, "पण मावशी, आम्ही आता एकट्या काकांची घेतच नाही."

मला कळलं नाही.

"पहिल्या वर्षी फक्त त्यांचीच होती. मग बाहेरचे तज्ज्ञ म्हणाले, एकाच तोंडावरून काही ठरवता येत नाही. तेव्हापासून सहा जणांची घेतो. पलीकडच्या इमारतीतले विद्यार्थी आहेत. सगळ्यांची एकत्र मिसळतो. कुणी आजारी पडलं तर त्याला सोडून दुसरा घेतो. दोनदा झालंय तसं." त्या रडायला लागल्या. "काकांनी नुसतं सांगितलं असतं तरी... काहीसुद्धा बिघडलं नसतं."

"मग त्यांना का नाही हो सांगितलंत?"

"सांगण्यासारखं काही आहे, असं कधी डोक्यातच आलं नाही."

खोटं नव्हत्या बोलत. कशाला येईल डोक्यात? जिना उतरून फाटकाशी यायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. पण चौकीदाराला असलं कोण सांगायला जातं? माझ्या शिव्या घशातच राहिल्या. तिला मारावं की जवळ घ्यावं, मला कळेना. शेवटी म्हटलं, "आत जाऊ नका. हे त्यांना कधीही सांगू नका. माझी शपथ आहे तुम्हाला." त्या मान हलवून गेल्या.

मी आत जाऊन स्टुलावर बसले. खरं सांगू? मला सांगायचं होतं. जागे झाले की खडसावून सांगणार होते, बघा, सहांतले एक होतात तुम्ही, सहांतले एक, माझं ऐकलं असतं तर आज दोन पायांवर घरी असता. इतका राग आला होता मला. दात आपले आणि ओठही आपले, म्हणून काय नुसतं गिळतच राहायचं?

ह्यांनी डोळे उघडले. शुद्धीवर आल्यापासून पायाच्या जागेकडे एकदाही बघितलं नव्हतं, आताही बघितलं नाही. छताकडे बघत म्हणाले, "मॅडमचा आवाज आला मघाशी. काय म्हणाल्या? झालं का काम नीट?"

मी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला.

"झालं," मी म्हटलं. "तुमची शेवटची थुंकी मिळाली म्हणून झालं. तुम्ही गोळ्या घेतल्या असत्या तर सगळंच बुडालं असतं, म्हणाल्या."

"असं म्हणाल्या?"

"अहो, रडत होत्या सांगताना."

तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा खाली बघितलं. चादर जिथे एकदम सपाट होत होती, तिथे बराच वेळ बघत राहिले. मग माझा हात धरला.

"मग वाया नाही गेला म्हणायचा," ते म्हणाले.

"नाही हो," मी म्हटलं. "वाया कसा जाईल?"