मधुमतीबाईंचा ऐकण्याचा खेळ

आदर्श नगरात आमच्या भिंतीला लागून मधुमतीबाई राहायच्या. यजमान कॉलेजात गणित शिकवायचे. मूलबाळ नव्हतं. रोज सकाळी त्यांच्या व्हरांड्यात शाळेच्या आधीच्या वयाची मुलं जमत. बरीचशी बदलीवर या परमुलखात आलेल्या मराठी घरांतली, काही पंजाबी, एखाददुसरं मारवाडी. पाटी-पेन्सिल कुणाकडेच नसे. मुलं मटार सोलत, रुमालांच्या घड्या घालत, तांब्यातून पेल्यात पाणी ओतत आणि त्यातच मोजायला, बोलायला शिकत. "अक्षरं पुढे कुणीही शिकवील," बाई म्हणायच्या. "हात, डोळे, कान आत्ता जागे करायचे." आमचा जयंत तिथे जायचा, म्हणून मीही मदतीला जाऊन बसायची.

एकोणसाठ साली विम्याच्या ऑफिसातले रंगनाथराव त्यांच्या मीनाक्षीला घेऊन आले. चार वर्षांची पोर, आई गेलेली, तोंडातून शब्द नाही. शाळांनी परत पाठवलं होतं.

"काही शिकली नाही तरी चालेल," ते म्हणाले. "नुसती मुलांत बसू दे."

"बसेल. एवढं माझ्याकडे लागलं," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी तेवढंच मनात धरलं.

बाईंचा एक खेळ होता. एकसारख्या डब्यांत ज्वारी, चिंचोके, वाळू, खडे घालायचे आणि एक डबा मुद्दाम रिकामा ठेवायचा. डोळे मिटून, डबा हलवून ओळखायचं. मीनाक्षी डबा हलवत नसे. ती त्याला नुसता कान लावी. महिनाभराने तिने पहिला शब्द उच्चारला तो "चिंचोके". बाईंनी तिला उचलून घेतलं. पुढे मी गंमत म्हणून एका डब्यात कापूस भरला. कापसाचा कसला आवाज? पोरीने कान लावला आणि म्हणाली, "कापूस."

"वास आला असेल," बाई म्हणाल्या, पण डब्याकडे जरा वेळ बघत राहिल्या.

एकदा तिने पाण्याच्या माठाला कान लावला आणि सांगितलं, "हा जाणार." माठ नवा होता, बाईंनी स्वतः वाजवून घेतलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांडाभर पाणी होतं.

त्याच सुमारास बँकेतल्या जोशींच्या विनयाला सातवा लागला. तिचं डोहाळजेवण आम्ही बायकांनी बाईंच्याच व्हरांड्यात केलं. आपल्याकडे लहान मुलाला विचारायची रीतच आहे. लेकराच्या तोंडून देव बोलतो म्हणतात.

गल्लीतल्या वडीलधाऱ्या रत्नप्रभावहिनींनी आमच्या जयंतला पुढे ओढलं. "सांग रे राजा, काकूला काय होणार?"

"हत्ती," जयंत म्हणाला. सगळ्या पोट धरून हसलो.

"आता तू सांग गं मीनाक्षी."

मीनाक्षी उठली. विनयाच्या पोटावर तिने दोन्ही तळवे ठेवले आणि डब्याला लावावा तसा कान लावला. बराच वेळ ती हलली नाही.

"दोन आहेत," ती म्हणाली.

"अगं बाई, दोन?" विनया हसली. "काय करताहेत?"

"एक खेळतंय. दुसरा डबा रिकामा आहे."

डॉक्टरांना नळी लावून एकच ठोका ऐकू आला होता, त्यामुळे आम्ही ते हसण्यावारी नेलं. विनया बाळंत झाली तेव्हा मुलगी रडत आली. तिच्यामागून मुलगा आला, तो आधीच गेलेला होता.

आठवड्याच्या आत रत्नप्रभावहिनी दारात उभ्या. "बाई, ती कडू तोंडाची पोर काढा. नाहीतर आमची मुलं यायची नाहीत."

"तुम्ही विचारलंत, तिने ऐकून सांगितलं," बाई म्हणाल्या. "ती इथेच बसणार."

निम्मी मुलं गेली. आमच्या ह्यांनी विचारलं, "तू काय करणार?" मी देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि जयंतला नेऊन सोडलं.

पावसाळा सरता सरता रत्नप्रभावहिनी परत आल्या. हातात लाडवांचा डबा, मागे दिवस गेलेली सून. "सहजच आले हो. जरा मीनाक्षीला इकडे पाठवता?"

"ती कणीक मळतेय. तिला वेळ नाही."

मग ओळखीच्या नसलेल्या बायकाही फाटकाशी थांबू लागल्या. कुणी नारळ ठेवून जाई, कुणी लांबूनच पोरीला हात जोडी.

"आधी काढा म्हणत होत्या, आता देव्हाऱ्यात बसवायला निघाल्या," बाई मला म्हणाल्या. "काढलं काय नि पुजलं काय, पोर पोरांतून उठणारच, रमाबाई."

त्यांनी डबे माळ्यावर टाकले आणि ऐकण्याचा खेळ बंद केला. आता व्हरांड्यात थाळ्या, झांजा, खुळखुळे. सकाळभर नुसता धिंगाणा. मीनाक्षी बेसूर ओरडून गाऊ लागली. एकदा पळीवरून भांडण होऊन ती जयंतच्या दंडाला कडकडून चावली.

"चावली? बरं झालं," बाई म्हणाल्या. मला राग यायला हवा होता, पण त्यांचा चेहरा पाहून हसू आलं.

पुढच्या उन्हाळ्यात सी-स्कीमच्या श्रीमंत वस्तीतून एक मोटार आली. भारी साडीतली बाई उतरली, सहा-सात महिन्यांची गरोदर असावी. लूचा तापलेला वारा सुटला होता, फाटक आपोआप आपटत होतं.

"बहनजी, बस एक बार बच्ची को बुला दीजिए."

"नहीं," मधुमतीबाई म्हणाल्या, आणि पायरीवर आडव्या उभ्या राहिल्या.

मीनाक्षी मातीच्या पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली. मोटारीतल्या बाईच्या पोटाकडे तिने पाहिलंच नाही. पाहिलं ते बाईच्या शेजारी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, जिथे कुणीच नव्हतं. मग ती चटईवर थोडी सरकली, शेजारी जागा केली, आपल्या गोळ्यातला अर्धा तोडून त्या रिकाम्या जागेपुढे ठेवला आणि पुन्हा लाटू लागली. थाळ्यांचा आवाज चालूच होता.

"क्या कहा उसने?"

"कुछ नहीं. खेल रही है."

मोटार गेली. त्या बाईचं पुढे काय झालं ते आम्ही कधी विचारलं नाही. मधुमतीबाई चटईशी आल्या. तो अर्धा गोळा त्यांनी पाहिला. मग आतून एक छोटं पोळपाट-लाटणं आणून त्यांनी त्या रिकाम्या जागेपुढे मांडलं.

जयंत धावत आला आणि तिथेच बसायला लागला. बाईंनी त्याचा हात धरला.

"तिथे नको रे," त्या हळूच म्हणाल्या. "इकडे ये, माझ्याजवळ बस."