नेपल्सला जाऊन पोहे? अजिबात नाही!

मंडळी, आज ट्रॅव्हलवाल्याशी भांडून आले.

आम्ही नवरा-बायको चार दिवस नेपल्सला निघालोय. समुद्र बघायचा, जुन्या गल्ल्या फिरायच्या, भट्टीतला पिझ्झा खायचा. तर तो म्हणतो, "आंटीजी, टेन्शन मत लो, रोज सुबह अपने पोहे मिलेंगे!"

मिल बंद पडून ह्यांची नोकरी गेली, तेव्हापासून रोज पहाटे उठून मी पोहेच केलेत. गाडीवर उभं राहून विकलेत. त्यावरच मुलं शिकली. आता समुद्रापारही पोहेच?

म्हटलं, "भिया, पोहे काट दो. तिथे सकाळी दुसऱ्याने केलेलं खाणार मी. बसून!"

बाहेर आल्यावर ह्यांनी हळूच विचारलं, "आणि शेव?"

शेव तर नेणारच! पिझ्झा फिका निघाला तर काय करायचं, तुम्हीच सांगा?