चपलेचा तळ

शेजारच्या फ्लॅटमध्ये छताचं पीओपी चाललंय. ओल्या प्लास्टरचा तो गार वास आला आणि मी थेट माझ्या पहिल्या नोकरीतल्या तपासणीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

मी नवीकोरी फिजिओथेरपिस्ट. समोर मोरा बंदरावरची एक कोळीण आणि तिची पाच वर्षांची मुलगी. पोरीचे पाय जन्मतः आत वळलेले, तान्हेपणी प्लास्टर घालून सरळ केलेले. ते कितपत सुधारले, हे मला ठरवायचं होतं. घोटे मोजले. डावा थोडा कमी वाकत होता. मी फॉर्मवर ‘मध्यम’ लिहिलं.

आईने पिशवीतून चपलांचे दोन जोड काढले आणि टेबलावरच मांडले.

“अहो, आधी खाली ठेवा ते!” मी खेकसले.

“म्याडम, उलटं करून बगा तरी. ह्यो दोन वर्सांमागचा जोड हाय, आन् ह्यो आताचा.”

जुन्याची बाहेरची कड पार झिजली होती, म्हणजे तेव्हा पोर पावलाच्या कडेवर चालायची. नव्याचा तळ मात्र सगळीकडे सारखा झिजलेला. मी त्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिले. फॉर्मवर त्याला रकानाच नव्हता, म्हणून समासात लिहिलं.

आता कुठल्याही मुलाच्या पायाला हात लावण्याआधी मी आईला विचारते, “जुनी चप्पल ठेवलीय का?”

बहुतेक जणी ओशाळून हसतात. टाकून दिलेली असते.